वर कंपनी, खाली इंजान

माझ्या हातून गेलेली पहिली बाळंतीण कवठे महांकाळकडच्या एका वाडीतून दिवसभर बैलगाडीत बसून आली होती. मूल चांगलं झालं. नंतर रक्त थांबेना. दिवेलागणीची वेळ होती आणि तासाभरापूर्वीच वीज गेली होती. तिची सासू कंदील धरून उभी होती. रक्त आतून येतंय की फाटलेल्या जागेतून, एवढंच मला बघायचं होतं. कंदिलाच्या उजेडात रक्त काळं दिसतं, आणि बाकीचंही सगळं काळंच दिसतं. मी अंदाजानं टाके घातले. अंदाज चुकला.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी ही गोष्ट घडली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. मिरजेला सुईणीचं शिक्षण घेऊन आले होते आणि वडिलांच्या माघारी रिकाम्या पडलेल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात चार लोखंडी खाटा टाकून बाळंतपणं करत होते. लग्न झालं होतं, पण नांदले नाही. त्याची हकिकत इथं सांगायचं कारण नाही. आमचं गाव साताऱ्याहून सांगलीकडे येताना कृष्णेच्या काठी लागतं. गावाचं नाव घेत नाही आणि माणसांचीही घेणार नाही, कारण त्यांतल्या काहींची नातवंडं अजून तिथंच राहतात.

गावात वीज होती. नदीकडेला एका खाजगी कंपनीचं तेलावर चालणारं इंजिन होतं आणि तिथून पेठेत तारा आल्या होत्या. लढाईच्या दिवसांत इंजिनाचे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून वीज जायची. ते आम्ही समजून घेतलं. पण लढाई संपली तरी ती जातच राहिली, आणि गंमत अशी की पेठ अंधारात असताना पलीकडची तेलगिरणी मात्र धडधडत असायची. ती बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कचेरीत गेले. मॅनेजर पुण्याकडचे होते, कोट-टोपी घालून बसलेले. मी म्हटलं, "वीज कधी जाणार ते निदान आधी कळवत जा. म्हणजे मी तयारीत राहीन."

ते म्हणाले, "बाई, गावात वीज नव्हती तेव्हा बायका बाळंत होत नव्हत्या का?"

"होत होत्या," मी म्हटलं. "मरतही होत्या."

त्यांनी पुढचा कागद ओढून घेतला. मी उठून घरी आले आणि भावाला पत्र लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. चार वर्षं त्यानं पलटणीच्या कारखान्यात इंजिनं आणि वायरिंगचंच काम केलं होतं. तेव्हा त्याची सुटका व्हायची होती. मी लिहिलं की मला तुमच्या छावणीत असतं तसं विजेचं छोटं इंजिन पाहिजे, कसंही कर. दोन महिन्यांनी तो घरी आला तो एका मालट्रकच्या मागं बसून, आणि त्याच्या शेजारी ताडपत्रीखाली ते होतं. लष्करानं लिलावात काढलेलं, हिरवा रंग उडालेलं, दोन चाकांवर ठेवलेलं पेट्रोलचं जनरेटर. आमच्या आळीत त्याला पहिल्या दिवसापासून सगळे इंजानच म्हणायला लागले.

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं. मामलेदार कचेरीत सहा खेपा घातल्यावर मला थोडी कुपनं मिळाली. एवढ्याशा पेट्रोलवर इंजान रोज चालवणं शक्यच नव्हतं. वीज गेली आणि खोलीत बाई अडलेली असली तरच ते चालवायचं, असं मी ठरवलं.

धूर आणि आवाज नको म्हणून भाऊ ते परसात गोठ्यापाशी उभं करायचा. तिथून एक लांब वायर खिडकीतून आत आणून ओसरीवरच्या बोर्डाला त्यानं जोडून टाकली होती. म्हणजे घरातलेच दिवे, घरातल्याच तारा. वीज कंपनीची नसली की इंजानाची. त्याचा एक नियम होता. आधी मी ओसरीवरचा मेन स्विच पाडायचा, म्हणजे घर कंपनीच्या तारेपासून तुटतं. मग मी हाक मारायची आणि मगच त्यानं इंजान सुरू करायचं. हे त्यानं मला दहा वेळा सांगितलं होतं. मला ते पाठ होतं. पाठ असलेली गोष्टच माणूस विसरतो.

श्रावणातली दुपार होती, चार वाजले असतील. आभाळ इतकं भरून आलं होतं की खोलीत दिसेनासं झालं होतं. एक पहिलटकरीण सकाळपासून अडली होती. मूल आडवं होतं, ते मी हातानं फिरवलं होतं आणि आता डोकं खाली आलं होतं. अशात वीज गेली. बाहेर काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खांबावरचा फ्यूज उडाला होता. आमच्यासकट चार-पाच घरांचीच वीज गेली होती. पेट्रोल वाचवायला मी थोडा वेळ थांबले, मग मूल एकदम खाली सरकलं. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी तिथूनच ओरडले, "सुरू कर रं."

भावाला वाटलं, आक्कानं मेन पाडला. मी पाडला नव्हता.

दिवा लागला. लख्ख लागला. शेजारच्या घरातून "आली, आली" असा आवाज आला, आणि तेव्हा मला मेन आठवला. कारण त्यांच्याकडे वीज यायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात बाहेर पत्र्यावर काहीतरी जोरात आदळलं आणि माणसं ओरडायला लागली.

फ्यूज बसवायला कंपनीचा वायरमन खांबावर चढला होता. तार मेलेली आहे असं समजून त्यानं तिला हात घातला होता. आमच्या इंजानाची वीज आमच्या घरातून उलटी निघून त्या तारेत गेली होती.

भावानं धावत जाऊन इंजान बंद केलं. खोलीत पुन्हा अंधार झाला. मुलाचं डोकं दिसायला लागलं होतं. मी जागची हलू शकत नव्हते. दहा-बारा मिनिटं मी त्या खोलीत होते, आणि बाहेर माणूस मेला की जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. विचारलं असतं आणि उत्तर वाईट आलं असतं तर माझे हात थांबले असते. मुलगी झाली, रडली. नाळ बांधली, तिला आजीच्या हातात दिलं आणि तशाच रक्ताच्या हातांनी मी बाहेर आले.

तो जिवंत होता. शेजारच्या गोठ्याच्या उतरत्या पत्र्यावर पडून खाली चिखलात आला होता, म्हणून वाचला. उजव्या हाताचा तळवा भाजून पांढरा पडला होता आणि डावा हात कोपराखाली मोडला होता. चाळिशीचा, काटक, गावात सगळ्यांच्या ओळखीचा माणूस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोडलेला हात बसवला. भाजलेल्या हाताचं मलमपट्टीचं काम मी घेतलं आणि त्याला आमच्याच ओसरीवर खाट दिली. त्याची बायको आली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं बोलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडताना मी त्याला खरं सांगितलं. मेन मी पाडायला पाहिजे होता, मी पाडला नाही, आणि भावाला इंजान सुरू कर म्हणून सांगितलं.

त्यानं पट्टीखालचा तळवा एकदा बघून घेतला. मग म्हणाला, "मला ठावं हाय. शेजारचा दिवा लागल्याला मी वरनंच बघितला. हात काढायला सवड घावली न्हाई."

"इंजान मी विकून टाकीन," मी म्हटलं. खरंच तसं ठरवलं होतं.

"कशापायी?"

"तुमचा जीव गेला असता."

"व्हय, गेला असता. पर बाई, माझी पयली बायकू बाळंतपणात गेली. अंधारातच." हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं. "इंजान न्हाई वाईट. तुमची जोडणी वाईट हाय. वीज दोन्हीकडनं येती, आन मधी काय ठिवलंया? तर आक्काची आठवण. आसं कुठं असतंय व्हय?"

भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "फौजेत आमी दोनतोंडी खटका लावायचो."

"मग हितं का न्हाई लावलासा?"

भाऊ म्हणाला, "घरचंच काम हाय म्हनलं. आपलं आपन बघू."

"घरच्या तारा माझ्या खांबापत्तर येत्यात, गड्या," वायरमन म्हणाला.

तिथून पुढं तीन आठवडे आमच्या घरात जे काम झालं ते मी सबंध पाहिलं आहे, म्हणून सांगते. वायरमन खाटेवर बसून सांगायचा, दोन्ही हात बांधलेले, आणि भाऊ करायचा. परसाकडच्या भिंतीला, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, त्यांनी आरपार भोक पाडायला घेतलं. दीड हात जाडीची काळ्या दगडाची भिंत. छिन्नी-हातोड्यानं त्याला चार दिवस लागले. भोकातून लोखंडी नळी घातली, नळीतून जाड वायर. बाहेरच्या बाजूला झाकणाची लोखंडी पेटी बसवली, पाऊस आत जाऊ नये म्हणून वर पत्र्याचं छोटं छप्पर. पेटीत इंजानाची वायर खोचायची जागा. तिथं एक गोष्ट वायरमननं तीनदा बदलायला लावली. पितळेच्या खुंट्या घराच्या पेटीत पाहिजेत, आणि इंजानाकडून येणाऱ्या वायरीच्या टोकाला भोकं. उलटं केलं तर इंजान चालू असताना वायर निसटली की उघड्या खुंट्यांत वीज राहते आणि ज्याच्या हाताला लागेल तो मरतो. भावाला पहिल्यांदा ते पटेना. पटल्यावर तो स्वतःवरच चिडला.

वीज कुठं निसटली तर जमिनीत जावी म्हणून पेटीखाली कमरेइतका खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि खडेमीठ घातलं, आणि त्यावर रोज दोन घागरी पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.

आणि आत, ओसरीवर, तो खटका. सागवानी फळीवर पांढऱ्या चिनीमातीचे ठोकळे, त्यांत तांब्याच्या दोन पाती आणि त्यांना मिळून एकच लाकडी मूठ. मूठ वर ढकलली की घर कंपनीला जोडलेलं. खाली ओढली की इंजानाला. मधे असली की कशालाच नाही. एकाच वेळी वरही आणि खालीही असणं त्या मुठीला शक्यच नव्हतं. कुणाची आठवण राहो न राहो. वायरमननं बायकोकडून चुना मागवला आणि भावाला फळीवर लिहायला लावलं. भावानं वर 'कंपनी' लिहिलं आणि खाली 'इंजान'. मी म्हटलं, जनरेटर लिही. तो म्हणाला, "कळाया पायजे ना कुणालाबी."

हे चाललेलं असतानाच मॅनेजर आले. ओसरीवर चढले नाहीत. अंगणात उभं राहून त्यांनी कागद वाचून दाखवला. परवानगीवाचून यंत्र जोडल्यामुळे कंपनीच्या नोकराच्या जिवाला धोका झाला, सबब यंत्र आठ दिवसांत गावाबाहेर न्यावं, नाहीतर वीज तोडण्यात येईल.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "ती मी लिहून देते. पण यंत्र हलणार नाही."

"म्हणजे चूक कबूल आणि हट्टही कायम?"

"चूक मेन न पाडण्याची होती. ती पुन्हा होऊ नये अशी सोय चालली आहे, बघायची असेल तर वर या. वीज तुम्ही देणार नाही आणि मी दुसरीकडून घेऊही नये, हे मी मान्य करणार नाही."

ते वर आले नाहीत. वायरमनकडे वळून म्हणाले, "तू उद्या कचेरीत ये. तुझा जबाब घ्यायचा आहे."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जबाब तयारच होता, पट्टीबाहेरच्या बोटांनी सही करायची तेवढी बाकी होती. त्यात सगळा दोष माझ्यावर होता, आणि तो मला मान्य होता. पण पुढं असंही लिहिलं होतं की कंपनीनं त्याला रबरी हातमोजे दिले होते, खाली एक मदतनीस उभा होता, आणि चढण्यापूर्वी तारा जमिनीला जोडायची साखळी त्याच्याजवळ होती. यातलं काहीही खरं नव्हतं. मोजे वर्षापूर्वी फाटले होते. मदतनीस तेलगिरणीच्या कामाला लावला होता. सही केली तर नोकरी राहील, असं त्याला सांगण्यात आलं.

संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी म्हटलं, "करा सही. माझ्याबद्दल लिहिलंय ते खरंच आहे."

"तुमच्याबद्दल खरं हाय," तो म्हणाला. "मोज्याबद्दल खोटं हाय. उद्या माझ्या जागी दुसरा चढंल, त्येच्या हातात मोजं हायती आसं कागुद म्हणंल."

त्यानं सही केली नाही. महिन्याच्या आत त्याला कामावरून काढलं. मी माझा जबाब स्वतः लिहून कचेरीत नेला, मॅनेजरांसमोर मोठ्यानं वाचला, म्हणजे बाहेर बसलेल्या कारकुनांनाही ऐकू गेला असेल. माझी चूक पहिल्या ओळीत होती. मोजे, मदतनीस आणि साखळी दुसऱ्या ओळीत. तिसऱ्यात, यंत्र हलणार नाही. त्याची एक प्रत मी पुण्याला सरकारी विद्युत निरीक्षकांना टपालानं पाठवली, आणि खाली लिहिलं की येऊन माझी जोडणी तपासावी, दोष निघाला तर मी स्वतः ती उखडून टाकीन.

अंगणात तो कागद वाचला त्याच्या नवव्या दिवशी कंपनीनं आमची तार तोडली. खांबावर एक नवा माणूस चढला होता. मोजे नव्हतेच. वायरमन रस्त्यात उभा राहून त्याला सांगत होता, "आधी बघ, आधी बघ, मग हात घाल." तो स्वतःच्या बिनकामाच्या हातानं त्याला खुणा करत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

तीन महिने आम्ही कंपनीविना काढले. घरात कंदील, आणि बाळंतपणाच्या खोलीत गरज पडली तरच इंजान. भाऊ वायर पेटीत खोचायचा, मी मूठ खाली ओढायची. आळीतली काही माणसं म्हणायची, बाई लय ताठ हाय, नवऱ्याकडं बी अशीच वागली आसंल. काहींनी आवाजाची तक्रार केली. एका म्हातारीनं तर मला तोंडावर सांगितलं की माणूस जायबंदी करून वर तोरा मिरवतीस. तिचं अर्धं खरं होतं. मी तिला तेवढंच म्हटलं, "अर्धं खरं हाय, आवं." पण बायका यायच्या थांबल्या नाहीत. उलट जतकडच्या एका मेंढपाळाच्या घरची बाई दोन मुक्काम करून आली, तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिथं दिवा जात न्हाई. तिला कानडीच जास्त कळायचं. ती खाटेवर पडल्यापडल्या दिव्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

निरीक्षक येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. बरोबर कंपनीचे मॅनेजर. निरीक्षकांनी पेटी उघडली, खुंट्या बघितल्या, खड्ड्यातल्या पत्र्याला कसलीशी मापाची पेटी लावली. मग आत येऊन त्यांनी ती मूठ वर केली, खाली केली, आणि नंतर पाच मिनिटं ती दोन्हीकडे एकदम लागते का याचा खटाटोप केला. पाती वाकवून बघितल्या. लागली नाही.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"ह्या दोघांनी," मी म्हटलं. "सांगितलं यांनी, केलं यानं."

निरीक्षकांनी वायरमनच्या उजव्या हाताकडे पाहिलं. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून राहिली होती, ती पुढं कधी सरळ झाली नाहीत. मग ते मॅनेजरांना म्हणाले, "यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. तार जोडून द्या. आणि तुमच्या माणसांचे मोजे मला दाखवा."

मॅनेजर दुसऱ्या दिवशी एक करारनामा घेऊन आले. कंपनीची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय यंत्र सुरू करणार नाही, असं त्यात होतं. मी तो वाचला आणि परत दिला. ते म्हणाले, "बाई, ही केवळ रीत आहे. सही करा, विषय मिटवा."

"बाई अडल्यावर तुमच्या कचेरीत परवानगीला येऊ?"

"तेवढं शब्दशः कुणी घेत नाही."

"मी घेते," मी म्हटलं. सही केली नाही. त्यांनी करारनाम्याची घडी केली. मग छत्री उचलून निघून गेले. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी तार जोडली गेली.

वायरमनला कंपनीनं परत घेतलं नाही. तो आणि माझा भाऊ मिळून वायरिंगची कामं घ्यायला लागले. पिठाच्या गिरण्या, गुऱ्हाळं, पुढं तंबूतले सिनेमे. जिथं जिथं इंजिन असेल तिथं ते तसला खटका बसवायचे, आणि मालक नको म्हणाला तर काम सोडून द्यायचे. एका गिरणीवाल्यानं साधी जोडणी करून द्या म्हणून लय विनवण्या केल्या. वायरमननं त्याच्यासमोर आपला उजवा हात पालथा-उताणा करून दाखवला आणि हत्यारं गोळा करून चालू लागला. गिरणीवाला मागं धावत आला होता, असं भाऊ सांगायचा.

वायरमनची बायको माझ्याशी बोलायला लागली, पण फार उशिरा. ती दिवस राहून माझ्याकडेच आली. तिला कळा सुरू होत्या आणि वीज होती, इंजानाची गरजच पडली नाही. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. बोलली ती एवढंच, "आवं बाई, जरा हळू."

पुढं कंपनी सरकारनं घेतली. एक तरुण अधिकारी मीटर बदलायला माणसं घेऊन आला आणि ओसरीवरचं ते सगळं बघून म्हणाला की आता वीज जाणार नाही, हे जुनं लटांबर काढून टाकू. मी म्हटलं, "वीज कधीच जाणार नाही असं सहीनिशी लिहून द्या, मी स्वतः पाना आणून देते." तो हसला. मी हसले नाही. त्यानं माणसांना मीटर तेवढं बदला म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं.